दांडिया बाजारातील वाचनालयात नऊ जुने संगणक: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या मराठी वाचनालयाची एक अभ्यासिका आहे आणि मी त्या वाचनालयाची कार्यवाह आहे. गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास, या अभ्यासिकेत नऊ संगणक बसवले गेले. एका खासगी कार्यालयाने वापरातून काढलेले हे डेस्कटॉप शहरातल्याच एका स्वयंसेवी कार्यशाळेने उघडून, साफ करून, काही भाग बदलून आणि त्यांत लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली घालून आम्हाला दिले. कार्यशाळा चालवणाऱ्या मंडळींनी आपले नाव कुठे छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे ते मी देत नाही. मात्र अशी सेवा घेण्याचा विचार करणारी इतर वाचनालये, मंडळे आणि शाळा बरीच असतील, आणि त्यांना उपयोग व्हावा म्हणून आठ महिन्यांत जे चांगले आढळले आणि जे उणे वाटले ते सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न सगळेच पैशांचा विचारतात. संगणक विनामूल्य मिळाले, परंतु त्यांत नव्याने घातलेल्या वस्तूंची किंमत आम्ही दिली. कार्यशाळा स्वतःच्या श्रमाचे काहीही घेत नाही; सुट्या भागांचे पैसे मात्र दुकानाच्या बिलाप्रमाणे घेते. एका संगणकामागे आम्हाला 2,350 रुपये पडले. त्यात 256 जीबीची नवी एसएसडी (माहिती साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क), 4 जीबीची जुनी पण तपासलेली रॅमची (चालू कामापुरत्या स्मृतीची) पट्टी, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट एवढे आले. नऊ संगणकांचे मिळून 21,150 रुपये झाले आणि ते सभासदांच्या देणगीतून उभे राहिले. प्रत्येक बिलाची प्रत न मागता आमच्या हाती आली. सार्वजनिक संस्थेचा जमाखर्च ज्याला वार्षिक सभेत मांडावा लागतो, त्याला या एका गोष्टीने किती हायसे वाटते हे मी अनुभवाने सांगते.

हे संगणक 2012 आणि 2013 च्या सुमाराचे, म्हणजे इंटेलच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतल्या आय-थ्री प्रोसेसरचे आहेत. विंडोज 11 साठी साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार हे बरेच आधी जाहीर झालेले होते. त्यामुळे अनेक कार्यालयांनी चालते संगणक केवळ नव्या प्रणालीत बसत नाहीत म्हणून बाजूला काढले. आमचे संगणक त्यांतलेच. यंत्र म्हणून त्यांच्यात दोष नव्हता. लिनक्स मिंटची 22 ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या 24.04 या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला 2029 पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळत राहणार आहेत. म्हणजे ज्या यंत्रांचे आयुष्य कागदोपत्री संपले होते, ती तोवर निर्धास्तपणे वापरता येतील.

देणगीचा संगणक म्हटला की भंगार माथी मारले जाते, असा पूर्वग्रह माझ्याही मनात होता. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाला एका दात्याने तीन संगणक असेच दिले होते. ते आले, आठवडाभर चालले आणि नंतर पुस्तकांच्या गठ्ठ्यांखाली धूळ खात पडले. त्यामुळे या वेळी पैसे देण्यापूर्वी मी कार्यशाळेत जाऊन प्रत्यक्ष काम पाहण्याचा आग्रह धरला आणि तो त्यांनी आनंदाने मानला. तिथे घालवलेल्या त्या एका रविवारामुळेच हा अभिप्राय मी एवढ्या खात्रीने लिहू शकते.

सयाजीगंजातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन लांब टेबले आहेत आणि त्यांवर एका वेळी चार कॅबिनेट उघडलेले असतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्यासमोर एक कॅबिनेट उघडत होती. प्रोसेसरवरचा पंखा तिने काढला तेव्हा त्याच्या खालच्या जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला होता आणि त्याखालची थर्मल पेस्ट वाळून जुन्या चुन्यासारखी खपली धरून होती. ती खपली तिने प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने उचलली, उरलेली स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात तिने शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासले. मग पंखा बसवून तिने संगणक चालू केला आणि मला म्हणाली, "काकू, आता आवाज ऐका." आधी जो पंखा घरघरत होता, त्याचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नव्हता. प्रोसेसर तापला की पंखा जोरात फिरतो आणि तरीही उष्णता बाहेर गेली नाही तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, हे तिने मला समजावून सांगितले. जुना संगणक "हळू झाला" असे आपण म्हणतो, त्यातला काही भाग केवळ या धुळीचा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

हळूपणाचे मोठे कारण मात्र हार्ड डिस्क. मिनिटाला 7200 फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारी सुई यांना विखुरलेली माहिती गोळा करायला प्रत्येक वेळी काही मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तो वेळ जवळपास उरतच नाही. आमच्या नऊ संगणकांपैकी एक आम्ही जुन्या डिस्कवर चालू करून पाहिला तेव्हा काम सुरू करता येईपर्यंत तीन मिनिटे गेली. एसएसडी बसवल्यावर तोच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत तयार झाला. कोणत्याही संस्थेकडे एकाच सुधारणेपुरते पैसे असतील तर ते इथेच खर्च करावेत, आणि दुसऱ्या सुधारणेचे असतील तर रॅम 8 जीबी करावी. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरू झाल्यावर एक जीबीच्या आसपास रॅम घेते, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा पाने उघडली की 4 जीबी अपुरी पडते. कार्यशाळेने सुरुवातीला दोन संगणक 4 जीबीवरच देऊ केले होते. ते आम्ही घेतले नाहीत आणि आमचा तो निर्णय बरोबर ठरला.

दात्याकडून बारा संगणक आले होते, त्यांतले नऊ आमच्यापर्यंत पोहोचले. प्रत्येक यंत्राची रॅम मेमटेस्ट या मुक्त प्रणालीने रात्रभर तपासली गेली आणि ज्यात एक जरी चूक निघाली ती पट्टी बाद झाली. उरलेल्या तीन कॅबिनेटांचे धड भाग इतरांना वापरले. त्यांतले एक यंत्र का नाकारले, ते मला दाखवले: आतल्या पत्र्यावर, तळापासून चार बोटांवर, वाळलेल्या चिखलाची पुसट रेघ होती आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंज. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ते कुठेतरी तळमजल्यावर उभे असावे. ते चालू होत होते, तरीही त्यांनी ते घेतले नाही, कारण पाण्यात बुडालेल्या बोर्डावरची झीज आतल्या आत चालूच राहते आणि तो कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. चालू होणारे यंत्र नाकारण्याइतका काटेकोरपणा असलेले लोक आपल्यासाठी काम करत आहेत, हे पाहून माझा विश्वास बसला.

दात्यांनीही विचार करावा असा मुद्दा म्हणजे जुन्या डिस्कवरची माहिती. फाइल पुसली किंवा डिस्क फॉरमॅट केली तरी मजकूर बहुतांशी तसाच राहतो आणि साध्या साधनांनी परत काढता येतो. या कार्यशाळेत प्रत्येक डिस्क एनवाइप या मुक्त प्रणालीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण लिहून पुसली जाते. 500 जीबीच्या डिस्कला एका फेरीत सुमारे दीड तास लागतो. त्यानंतर डिस्कचा अनुक्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी दात्याला मिळते. न चालणाऱ्या भागांसाठी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राच्या पावत्याही त्यांनी मला दाखवल्या. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांप्रमाणेच जुनी उपकरणे दुरुस्त करून वापरात आणणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते, तेव्हा कुणाकडूनही असे संगणक घेताना किंवा देताना नोंदणीचा कागद अवश्य पाहावा. 2022 या एका वर्षात जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. एखादे यंत्र आणखी पाच वर्षे चालवणे हे ते वितळवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर आहे, असे मला मनापासून वाटते.

येथवर जे लिहिले त्यात मी कार्यशाळेला पूर्ण गुण देते. आता उण्या बाजूकडे येते, आणि ती बाजू भाषेची आहे.

संगणक आले तेव्हा त्यांत इंग्रजी आणि गुजराती होते, मराठी नव्हते. आम्ही मराठी वाचनालय आहोत हे त्यांना माहीत होते, पण देवनागरीत हिंदीचा कीबोर्ड घातला म्हणजे मराठीची सोय झाली असा त्यांचा समज होता. हा समज बडोद्यातच नव्हे, महाराष्ट्रातही पुष्कळांचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात अर्ध्या ऱ ची ती लवलेली रेघ. मराठी वाचणाऱ्याला हा फरक लगेच दिसतो, पण तो टंकायचा कसा हे कुणी सांगितले नाही तर माणूस "दुसर्या", "सार्या", "वार्यावर" असेच लिहीत राहतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण मांडणीच्या कीबोर्डवर शिफ्टसह जे दाबले की ऱ येतो, मग डी दाबले की हलन्त आणि त्यापुढे य. ळ साठी शिफ्टसह एन. एवढेच शिकवायचे असते. आमच्या सकाळच्या वर्गातल्या एका आजोबांनी, ज्यांनी उभे आयुष्य टाइपरायटरवर इंग्रजी पत्रव्यवहार केला, पहिल्यांदा "किनाऱ्यावर" हा शब्द बिनचूक उमटवला तेव्हा त्यांनी तो सलग सात वेळा टंकला आणि त्या पानाची छापील प्रत मागून घेतली.

अक्षरांच्या वळणाचेही तसेच. मराठी छापील मजकुरातले ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळे दिसतात. अनेक मुक्त टंकांत (फाँटांत) दोन्ही वळणे भरलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला सांगितल्याशिवाय मराठी वळण येत नाही. लिबरऑफिस या लेखनाच्या आणि कार्यालयीन कामाच्या मुक्त प्रणालीत मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या टंकांत ही सोय आहे त्यांतला ल आपोआप आपल्या ओळखीचा होतो. वाचनालयाच्या अहवालात हिंदी वळणाचा ल पाहून आमचे ज्येष्ठ सभासद दरवर्षी नाराज होत. यंदा ती तक्रार आली नाही. मराठी शुद्धलेखन तपासणीचा शब्दसंग्रह अजून तोकडा आहे आणि तो बरोबर शब्दांखालीही लाल रेघ ओढतो, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

मराठी कीबोर्ड मागितल्यावर कार्यशाळेतून एक जण दुसऱ्याच दिवशी आला आणि तासाभरात नऊही संगणकांत तो घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडले तर मराठी नाहीशी झालेली! असे चार दिवस चालले. कारण शोधता शोधता लक्षात आले की आम्ही वाचकांसाठी पाहुणा खाते ठेवले आहे. सार्वजनिक ठिकाणी ते आवश्यकच असते, कारण वाचक आपली मेल किंवा बँकेचे पान उघडे टाकून निघून जातो, आणि पाहुणा खाते बंद होताच त्यातले सारे काही पुसले जाते. त्या पुसण्यातच कीबोर्डची निवडही जात होती. ती टिकवायची तर पाहुणा खाते ज्या साच्यावरून दर वेळी नव्याने तयार होते, त्या साच्यातच बदल करावा लागतो. हे समजून घेऊन दुरुस्त व्हायला अकरा दिवस गेले आणि त्या अकरा दिवसांत "फुकटच्या संगणकांचे असेच होणार" हे वाक्य मला बऱ्याच जणांकडून ऐकावे लागले. दोष यंत्रांचा नव्हता आणि प्रणालीचाही नव्हता. दुरुस्तीच्या यादीत भाषा हा मुद्दाच नव्हता, आणि माझी या सेवेविषयीची मुख्य तक्रार तीच आहे. ज्या समाजाला संगणक द्यायचा, त्याला त्याच्या भाषेत त्यावर लिहिता येत नसेल तर तो संगणक अजून तयार झालेला नाही, असे मी मानते.

याच संदर्भात एक सुखद गोष्ट सांगते. बडोद्यातल्या मराठी घरांतली बहुतेक मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांतल्या गुजराती माध्यमाच्या मुलांना शाळेमुळे गुजराती टंकन थोडेफार येते. इन्स्क्रिप्टची रचना अशी आहे की भारतीय लिप्यांत एकाच ध्वनीचे अक्षर एकाच कळीवर असते. गुजराती क ज्या कळीवर, देवनागरी क त्याच कळीवर. म्हणून कीबोर्ड बदलून आठवीतल्या मुलांना मी "आजीचे नाव लिहा" असे सांगितले तेव्हा त्यांच्या बोटांना नवे काही शिकावे लागले नाही, आणि जी मुले देवनागरी अडखळत वाचतात त्यांनीही नावे बरोबर लिहिली. घरात मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत गुजराती लिहिणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा सोपा पूल मला दुसरा दिसलेला नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे दृक्‌श्राव्य धडे मराठीत आणि गुजरातीतही आहेत. लिबरऑफिसचे धडे आम्ही डाउनलोड करून प्रत्येक संगणकावर ठेवले, आणि पाहणारा आपल्याला सोयीची भाषा निवडतो. आमच्याकडे शिक्षक एकच आहे, ते म्हणजे मी, आणि मलाही निम्मे यातूनच शिकावे लागले. त्यामुळे या धड्यांचे मोल मी फार मानते. किविक्स या प्रणालीवर मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. पावसाळ्यात दोन दिवस इंटरनेट बंद होते तेव्हा मुलांचा अभ्यास त्यावरच चालला.

जुन्या ग्रंथसूचीचा उल्लेख केल्याशिवाय हा अभिप्राय पूर्ण होणार नाही. आमच्या ग्रंथसंग्रहाची सूची अनेक वर्षांपूर्वी युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामायिक संकेतपद्धती) नसलेल्या, छपाईसाठीच्या एका डीटीपी टंकात टाइप करून घेतलेली होती. नव्या संगणकांवर ती उघडली तेव्हा नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी दिसली. कार्यशाळेतल्या एका स्वयंसेवकाने परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणली, आणि मग आम्ही सहा जणांनी तीन महिने बसून रफार, ऱ्य आणि पहिली वेलांटी यांच्या चुका हाताने काढल्या. आता कुठल्याही ग्रंथाचे नाव मराठीत टंकले की क्षणात सापडते. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली वापरावी असे त्यांचे म्हणणे होते. ती न्यूझीलंडमध्ये एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली, 2000 साली वापरात आली आणि माओरी भाषेत तिच्या नावाचा अर्थ भेट असा आहे. प्रणाली उत्तम आहे, पण ती नीट चालवायला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो आणि तो आज आमच्याकडे नाही, म्हणून सध्या आम्ही साध्या तक्त्यावर भागवतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या उत्साहात संस्थेने आपल्या ताकदीबाहेरचे काही गळ्यात घेऊ नये, एवढे इतरांना सुचवावेसे वाटते.

हे सारे बडोद्यात घडत आहे याचे मला विशेष वाटते. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली आणि फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या खेड्यांत पाठवल्या. त्या पेटीत पुस्तके गावाला समजेल अशा भाषेत असत, म्हणून ती उघडली जाई. आमच्या नऊ संगणकांकडे मी त्याच पेटीसारखी पाहते, आणि भाषेविषयीचा माझा आग्रहही तिथूनच आलेला आहे.

इतर उणिवा थोडक्यात. तीन आठवड्यांत देतो असे सांगून संगणक यायला सात आठवडे लागले. स्वयंसेवकांच्या परीक्षा होत्या हे मला मान्य आहे, पण ते आधी सांगता आले असते. वाय-फायसाठी आम्ही स्वतः आणलेले, संगणकाला बाहेरून लावायचे पाच डाँगल लिनक्सवर चालले नाहीत आणि शेवटी भिंतीतून केबल ओढून संगणक एकमेकांना जोडणारा जुना नेटवर्क स्विच बसवावा लागला. केबलने काम उलट अधिक स्थिर झाले, पण डाँगलचे पैसे गेले. प्रिंटरने तर आमचे दोन रविवार घेतले. देणगीत आलेल्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याने लिनक्ससाठी दिलेलाच नव्हता, आणि अखेरीस तो परत करून आम्ही लिनक्सवर चालणारा दुसरा घेतला. प्रिंटर, स्कॅनर आणि डाँगल घेण्यापूर्वी ते लिनक्सवर चालतात का हे विचारून घ्यावे. घेतल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. टॅली ही हिशेबाची प्रणाली शिकायला आलेल्या मुलांनाही आम्ही मदत करू शकत नाही, कारण तिला विंडोज लागते. नोकरीसाठी टॅली लागणारी मुले या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांना दुसरीकडे पाठवताना वाईट वाटते. संगणकांसोबत आलेली माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आणि गुजरातीत होती. मराठी मी लिहून दिली आहे.

व्हिडिओ सुरुवातीला अडखळत होते. या पिढीच्या प्रोसेसरमधली चित्रयंत्रणा एच.264 हा व्हिडिओ साठवण्याचा जुना प्रकार सहज उलगडते, पण संकेतस्थळे बहुधा नव्या प्रकारात व्हिडिओ पाठवतात आणि तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एक छोटे विस्तारक घालून जुना प्रकारच मागवायचा, हा उपाय कार्यशाळेने केला आणि अडखळणे थांबले. विजेचा खर्चही मी मोजला: पडद्यासह एका संगणकाला काम चालू असताना साधारण 60 वॅट लागतात, म्हणजे नऊही संगणक रोज सहा तास चालले तर सव्वातीन युनिटच्या आसपास. आमच्यासारख्या संस्थेला हे झेपते.

विक्रीनंतरची सेवा हा शब्द इथे लागू होत नाही, कारण विक्री झालेलीच नाही. तरी दिल्यानंतर पाठ फिरवायची नाही हा या मंडळींचा नेम मला सर्वांत मोलाचा वाटतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यापैकी कुणीतरी येते, सुधारणा बसवते, बिघाड झाल्यास प्रणाली पूर्वस्थितीत आणता यावी म्हणून टाइमशिफ्टने तिची प्रत घेते आणि वहीत लिहून ठेवलेल्या तक्रारी वाचते. ऑक्टोबरमध्ये एका संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, जळाला. सकाळी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा बसवून मिळाला, तोही त्या बाद केलेल्या तीन यंत्रांपैकी एकाचा. आधीच्या दात्याने दिलेल्या त्या तीन संगणकांना असा रविवार कधी मिळाला असता तर ते गठ्ठ्यांखाली गेले नसते.

सकाळी नऊ ते अकरा ज्येष्ठ सभासद, दुपारी शाळेची मुले आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण, असे आमचे नऊही संगणक आज भरलेले असतात. संध्याकाळी रांग लागते. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही आणखी चार संगणकांची मागणी नोंदवली आणि ती नोंदवताना मराठीविषयीची आमची तक्रार लेखी दिली. त्यांनी ती मनावर घेतली. कार्यशाळेच्या तपासणीपत्रकात रॅम, एसएसडी, बॅटरी आणि पंखा यांच्या खाली आता "भाषा आणि कीबोर्ड" असा नवा रकाना आला आहे, आणि त्यात पाहुणा खाते बंद करून पुन्हा उघडल्यावर कीबोर्ड टिकतो का, हेही तपासायचे आहे. चार संगणक परवा आले. चारही पत्रकांत तो रकाना भरलेला होता; तरी मी प्रत्येक संगणक बंद करून पुन्हा उघडला, त्यावर "दऱ्या" लिहिले आणि मग पोचपावतीवर सही केली.